प्रत्येक पेढीचा चोपडा वेगळा, प्रत्येक कामाचा कप्पा वेगळा

१९ मे २०२३ ची संध्याकाळ आमच्या घरात अद्याप कोणी विसरलेले नाही. चौविहार उरकला होता, कोलशेतच्या खाडीवरून येणारा वारा पडला होता आणि दिवाणखान्यातील मेजावर खरेदीच्या बिलांच्या फायली रचलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २० तारखेला, एप्रिल महिन्याचे जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरण्याची मुदत संपणार होती. त्यापूर्वी खरेदीच्या नोंदवहीतील प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवरून उतरवून घेतलेल्या जीएसटीआर-२बी या पत्रकाशी ताडून पाहणे आवश्यक होते. मागील सहा महिने हे काम माझ्या मुलीने लिहिलेली एक छोटी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, दोन मिनिटांत करीत असे. त्या संध्याकाळी तिने ती चालवली, आणि हिशेबाऐवजी पडद्यावर इंग्रजी ओळींची एक रांग उमटली.

दादाजींनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि इतकेच म्हणाले, “बेटा, माझा चोपडा ऐनवेळी कधी बंद पडला नाही.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मुलीचे डोळे भरून आले. त्या रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही तिघांनी हाताने बिले ताडली.

जीएसटी भरणाऱ्या वाचकांना या ताळमेळाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. १ जानेवारी २०२२ पासून, पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखविलेल्या आणि त्यामुळे आपल्या २बी पत्रकात उमटलेल्या बिलांवरच आपल्याला भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येते. पुरवठादाराने एखादे बिल दाखवायचे विसरले, किंवा बिलाच्या क्रमांकात एक अंक चुकला, तर ती रक्कम आपल्या खिशातून जाते. २बी पत्रक दरमहा १४ तारखेच्या सुमारास तयार होते आणि २० तारखेस विवरण भरावयाचे असते. मधल्या त्या पाच-सहा दिवसांत चुकार पुरवठादाराला गाठून त्याच्याकडून दुरुस्तीचे वचन घ्यावयाचे, तर ताळमेळ पहिल्याच दिवशी हाती असावा लागतो. म्हणूनच मुलीच्या त्या आज्ञावलीचे आम्हाला अप्रूप होते, आणि म्हणूनच ती बंद पडली तेव्हा घराचा विश्वासही थोडा डळमळला.

पुढील काही दिवसांत तिने चुकीचे मूळ शोधून काढले. ते समजून घेताना जे आम्ही शिकलो, ते या मासिकाच्या वाचकांसमोर ठेवावे असे वाटले. आज आपल्या अनेक घरांतील मुले-मुली पायथन शिकत आहेत. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आता हीच भाषा शिकवली जाते. ही मुले उद्या दुकानासाठी काही लिहितील. ते लिखाण भरवशाचे व्हावे, तर पाया कसा घालावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पायथन म्हणजे काय

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा आहे. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस तिच्यावर काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती जगासमोर आली. नावाचा अजगराशी संबंध नाही. ते बीबीसीवरील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कार्यक्रमावरून घेतले आहे. ही भाषा विनामूल्य आहे आणि तिची देखरेख पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था करते.

मूळ भाषा लहान असते. एक्सेलची फाइल वाचणे, मोठी कोष्टके जुळवणे अशी विशेष कामे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार संचांच्या साहाय्याने होतात. या संचांना लायब्ररी म्हणतात. आमच्या ताळमेळाला अशा दोन लायब्रऱ्या लागत: कोष्टकांसाठी पांडाज आणि एक्सेलची फाइल उघडण्यासाठी ओपनपायएक्सएल. या लायब्रऱ्या इंटरनेटवरील एका सार्वजनिक भांडारातून ‘पिप’ नावाच्या साधनाने विनामूल्य उतरवून घेता येतात.

चूक नेमकी कोठे झाली

लायब्रऱ्या स्थिर नसतात. त्यांचे कर्ते सुधारणा करतात, नव्या आवृत्त्या काढतात आणि कधी जुन्या आज्ञा काढून टाकतात. पांडाजमध्ये एका कोष्टकाखाली दुसरे कोष्टक जोडण्यासाठी ‘अपेंड’ नावाची आज्ञा होती. ती जाणार असल्याची सूचना जानेवारी २०२२ पासून मिळत होती, आणि एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाजच्या २.० या आवृत्तीत ती खरोखरच काढून टाकण्यात आली. माझ्या मुलीची आज्ञावली प्रत्येक पुरवठादाराच्या नोंदी एकाखाली एक रचण्यासाठी नेमकी तीच आज्ञा वापरत होती.

मे महिन्याच्या सुटीत तिने एका वर्गात नाव घातले होते. तेथील स्वाध्यायासाठी नवी पांडाज हवी होती, म्हणून तिने घरच्या संगणकावर ती चढवली. संगणकावर पायथनचे एकच सामायिक स्थान होते. तेथे एका लायब्ररीची एकाच वेळी एकच आवृत्ती राहू शकते. नवी आली तशी जुनी आपोआप निघून गेली. स्वाध्याय उत्तम झाला. दुकानाचा हिशेब मात्र मुकाट्याने मोडला, आणि तो मोडला आहे हे चार दिवसांनी, मुदतीच्या आदल्या संध्याकाळी कळले. जुनी आवृत्ती परत चढवावी, तर ती कोणती होती याची नोंद नव्हती. आणि ती चढवली असती, तर स्वाध्याय मोडला असता.

हे सारे तिने दादाजींना समजावून सांगितले. जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे भांड्यांचा व्यापार केलेले दादाजी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, “म्हणजे तू दोन पेढ्यांचा जमाखर्च एकाच चोपड्यात लिहिलास?”

याहून नेमके वर्णन एखाद्या अभियंत्यालाही साधले नसते. आपल्याकडे दुकानाची पेढी वेगळी आणि भागीदारीची पेढी वेगळी असली, की रोजमेळ वेगळा, खतावणी वेगळी, गल्लाही वेगळा. एका पेढीची रोकड दुसरीत मिसळली, की वर्षअखेरीस कोणाचे किती हे कोणीच सांगू शकत नाही. ही शिस्त आपल्या पूर्वजांना कोणी शाळेत शिकवली नव्हती. नुकसानीतून ती अंगवळणी पडली. संगणकाच्या जगालाही तीच शिस्त नुकसानीतून शिकावी लागली. कामागणिक वेगळा कप्पा करून देणारे ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन २००७ मध्ये निघाले, आणि २०१२ मधील पायथन ३.३ या आवृत्तीपासून ‘व्हेन्व’ या नावाने तशी सोय भाषेतच अंतर्भूत झाली. या कप्प्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. या लेखात आपण कप्पा हाच शब्द वापरू.

स्थापना कशी करावी

घरोघरी असलेल्या विंडोज संगणकासाठीची रीत येथे देतो. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. संगणकावर त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्यात.

प्रथम पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच स्थापनेची फाइल उतरवावी. ती उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर, तळाशी, पायथनचे स्थान ‘पाथ’मध्ये जोडण्यासंबंधी एक चौकोन असतो. त्यावर खूण करावी. पाथ म्हणजे आज्ञा मिळाल्यावर संगणक ज्या जागी साधन शोधतो, त्या जागांची यादी. ही खूण राहून गेली की पायथन बसूनही सापडत नाही, आणि नवशिक्याचा पहिला दिवस त्यातच वाया जातो. स्थापना झाल्यावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून पी-वाय ही दोन अक्षरे, मग एक जागा, मग दोन जोडरेघा आणि त्यांना चिकटून ‘व्हर्जन’ हा शब्द टंकावा. उत्तरादाखल आवृत्तीचा क्रमांक आला, की पाया पक्का झाला.

आता कामासाठी एक फोल्डर करावा. आमच्या फोल्डरचे नाव ‘ताळमेळ’. सीडी या आज्ञेने त्या फोल्डरमध्ये जावे आणि पी-वाय, जागा, जोडरेघ व एम, जागा, व्ही-ई-एन-व्ही, जागा आणि शेवटी कप्प्याचे नाव अशी ओळ टंकावी. काही क्षणांत त्या नावाचा उपफोल्डर तयार होतो. त्यात पायथन चालवण्याची सोय, लायब्रऱ्यांसाठी स्वतंत्र जागा आणि मूळ पायथन कोठे आहे हे सांगणारी एक छोटी नोंद एवढेच असते.

कप्पा तयार झाला तरी त्यात प्रवेश करावा लागतो. त्यासाठी कप्प्याचे नाव, उलटी तिरकी रेघ, ‘स्क्रिप्ट्स’, पुन्हा उलटी तिरकी रेघ आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ अशी ओळ टंकावी. ओळीच्या आरंभी कंसात कप्प्याचे नाव दिसू लागते. ही खूण बघण्याची सवय लावून घ्यावी. गल्ल्याला हात लावण्यापूर्वी तो कोणत्या पेढीचा हे पाहण्यासारखेच ते आहे. या प्रवेशात गूढ काही नाही: या कप्प्याची जागा त्या खिडकीपुरती पाथच्या यादीत सर्वांत वर नेली जाते, एवढेच. निळ्या पॉवरशेल खिडकीत कधी ही आज्ञा सुरक्षेच्या कारणाने अडवली जाते. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट वापरावा.

आत गेल्यावर ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे लायब्ररीचे नाव टंकले, की ती या कप्प्यातच बसते. ठरावीक आवृत्ती हवी असल्यास नावापुढे बरोबरीचे चिन्ह दोनदा देऊन क्रमांक लिहावा. काम संपल्यावर ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ टंकून बाहेर यावे. स्वतःची आज्ञावली आणि हिशेबाच्या फायली कप्प्याच्या आत कधीही ठेवू नयेत. त्या ‘ताळमेळ’ फोल्डरमध्ये, कप्प्याच्या शेजारी असाव्यात. कप्पा बिघडला तर तो निःशंकपणे पुसून टाकून नवा करता आला पाहिजे.

मॅक आणि लिनक्सवर रीत हीच, केवळ आरंभी पी-वायऐवजी ‘पायथन३’ टंकावे लागते आणि प्रवेशाची ओळ थोडी निराळी असते. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या नव्या आवृत्त्या तर सामायिक जागेत पिपने काही बसवण्यास नकारच देतात, कारण त्या प्रणालीची स्वतःची कामेही पायथनवर चालतात. पाहुण्याने यजमानाच्या तिजोरीत आपली पिशवी ठेवू नये, असाच हा दंडक आहे.

यादी हाच खरा चोपडा

कप्पा हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे नोंद. कप्प्यात असताना ‘पिप फ्रीझ’ अशी आज्ञा दिली, की बसवलेल्या प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती यांची यादी मिळते. ती ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवण्याचा प्रघात आहे. आम्ही दोन लायब्रऱ्या मागितल्या होत्या, पण त्यांना ज्यांची गरज लागते त्याही आल्याने यादीत सात नावे निघाली. या यादीत पायथनची स्वतःची आवृत्ती येत नाही. ती पहिल्या ओळीत, आरंभी हॅशचे चिन्ह देऊन, आपण लिहून ठेवावी. पुढे तिची गरज पडतेच, कारण जुनी लायब्ररी नव्या पायथनवर बसेलच असे नाही.

या यादीवरून तोच कप्पा दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभारता येतो: तेथे नवा रिकामा कप्पा करून, ‘पिप इन्स्टॉल’पुढे जोडरेघ व आर आणि फाइलचे नाव द्यावे. कप्प्याचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नये. त्याच्या आत जुन्या जागेचे पत्ते लिहिलेले असल्याने तो नव्या जागी नीट चालत नाही. यादी न्यावी, कप्पा तेथे नव्याने करावा.

एक प्रश्न दादाजींनीच काढला: एकच वस्तू दोन कप्प्यांत दोनदा ठेवणे हा परिग्रह नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. पांडाज असलेला प्रत्येक कप्पा शे-दोनशे मेगाबाइट जागा घेतो. परंतु सामायिक जागेत दोन वर्षांत साठलेल्या पन्नास लायब्रऱ्यांपैकी कोणती कशासाठी हे मुलीलाही सांगता येत नव्हते. कप्प्यात मात्र त्या कामाला लागेल तेवढेच असते, आणि काम संपले की फोल्डर पुसून सारे मोकळे करता येते. गरजेचे परिमाण ठरवणे येथे अधिक सोपे होते. हे उत्तर त्यांना पटले.

कप्पा कोठे अपुरा पडतो

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. कप्पा आवृत्त्यांची सरमिसळ थांबवतो. तो चोरापासून रक्षण करीत नाही. कप्प्यात बसवलेली लायब्ररी संगणकावरील तुमच्या सर्व फायली वाचू शकते. सार्वजनिक भांडारात कोणीही लायब्ररी ठेवू शकतो, आणि नामसाधर्म्याचा फायदा घेणारे तेथेही आहेत. २०१९ मध्ये ‘जेलीफिश’ या प्रसिद्ध लायब्ररीच्या नावातील एल या अक्षराच्या जागी त्याच्यासारखेच दिसणारे मोठ्या लिपीतील आय हे अक्षर घालून एक बनावट लायब्ररी ठेवलेली आढळली. ती वापरणाऱ्याच्या संगणकावरील गुप्त किल्ल्या चोरत होती. बाजारात नाममुद्रेची नक्कल ओळखणाऱ्या आपल्या नजरेला ही युक्ती नवी नाही. म्हणून नाव अक्षर-अक्षर तपासून टंकावे आणि अनोळखी लायब्ररी हिशेबाच्या संगणकावर आणू नये. पुरवठादारांचे दर आणि क्रमांक असलेली खरेदीवही कोणत्याही अपरिचित संकेतस्थळावर चढवू नये, हेही ओघाने आलेच.

शिकावे कोठे, आरंभ कशाने करावा

आपल्या ठाण्यापासून दूर नसलेल्या पवईच्या आयआयटी मुंबईत ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम चालतो. पायथनसह अनेक मुक्त प्रणालींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तेथे विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील कित्येक पाठ मराठीत ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवून दुसऱ्या बाजूस तीच कृती आपण करावयाची, ही त्यांची पद्धत घरी बसून शिकणाऱ्यास फार सोयीची आहे. गृहिणी आणि दुकानात बसणारे ज्येष्ठही या मार्गाने आरंभ करू शकतात.

पहिला स्वाध्याय म्हणून मी एक गणित सुचवीन. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी सुमारे ११५० मध्ये छंदशास्त्राचा विचार करताना प्रश्न मांडला: एक मात्रेचे लघु आणि दोन मात्रांचे गुरू यांनी ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? एका मात्रेसाठी १, दोन मात्रांसाठी २, तीनसाठी ३, चारसाठी ५, पाचसाठी ८; प्रत्येक उत्तर आधीच्या दोन उत्तरांची बेरीज. युरोपात हीच संख्यामाला फिबोनाची यांच्या १२०२ मधील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. पायथनमध्ये ती चार-पाच ओळींत लिहिता येते. स्वतंत्र कप्पा करावा, त्यात ही आज्ञावली लिहावी. दहा मात्रांचे उत्तर ८९ आले, की आपली स्थापना आणि आपले तर्कशास्त्र दोन्ही बरोबर आहेत असे समजावे.

आता आमच्या घरी काय चालते

मुलीने ‘ताळमेळ’साठी कप्पा केला आणि त्यात पांडाजची जुनी १.५.३ ही आवृत्ती बसवली. आज्ञावली पूर्ववत चालू झाली. परंतु जुन्यावर कायम विसंबता येत नाही, म्हणून तिने शेजारी दुसरा कप्पा करून त्यात नवी आवृत्ती घेतली, ‘अपेंड’च्या जागी नवी आज्ञा लिहिली आणि आधीच्या तीन महिन्यांची पत्रके दोन्ही कप्प्यांत चालवून पाहिली. रुपया-पैशासह उत्तरे जुळली, तेव्हाच दुकानाचे काम नव्या कप्प्याकडे वळवले. यापुढे कोणतीही नवी आवृत्ती चालत्या कप्प्यात चढवावयाची नाही, आधी शेजारी करून पाहावयाची, हा घरचा नियम झाला आहे.

मुलांनी दुकानासाठी काही लिहिले, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी संगणक येत नसला तरी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या कामाचा कप्पा वेगळा आहे का? त्याची यादी कोठे ठेवली आहे? आणि त्या यादीवरून दुसऱ्या संगणकावर हे काम एकदा चालवून पाहिले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तरच दुकान त्यावर सोपवावे. हाताने ताडण्याची रीतही घरात एकाला तरी येत असावी; त्या मे महिन्यात आम्हाला तारले ते दादाजींच्या पेन्सिलीनेच.

त्या वर्षी दिवाळीला शारदापूजन झाल्यावर मुलीने रिक्वायरमेंट्सची यादी कागदावर छापून आणली आणि नव्या चोपड्याच्या शेवटच्या पानावर डकवली. दादाजींनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पायथनच्या आवृत्तीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले, उत्तर ऐकले, आणि खाली तारीख घालून सही केली. आता दर महिन्याला आज्ञावलीने न जुळलेली म्हणून काढलेली बिले प्रथम त्यांच्यासमोर जातात. पेन्सिल अजूनही त्यांच्याच हाती असते. पण रात्री दीड वाजेपर्यंत कोणी जागत नाही.